रिकामा डबा वाजवू नका

“चोरी तुमीच केली, साहेब. आधी माह्या बहिणीचा गळा नेला, आता मायचा.”

अकोल्यातल्या त्या गाण्यांच्या कंपनीत खुशीनं स्टीलचा डबा टेबलावर आपटला. साहेब संत्रं सोलत होते. संत्री खुशीनंच वरूडहून आणलेली. भांडायला जातानाही रिकाम्या हातानं जाऊ नये, ही मायची शिकवण.

“वरातीत दुसरं काही वाजत नाही, ताई. हिट गाणं मागे घेतं का कोणी? करारावर दामिनीची सही आहे.”

मेलेल्या पोरीची सही चालते, जिवंत मायची हरकत चालत नाही.

गाणं भुलाबाईचं, पोरींच्या सणातलं. संत्र्यांच्या पॅकिंगमध्ये फळं निवडता निवडता दोघी बहिणी म्हणायच्या. अमरावतीच्या स्टुडिओत गायल्या, तेव्हा शेवटी भुलाबाईत करतात तसा खुशीनं खाऊचा बंद डबा हलवला. आत काय आहे ते आवाजावरून दामिनीनं ओळखायचं. ती चुकली, दोघी खिदळल्या, तेही रेकॉर्ड झालं. मे महिन्यात कूलरचा शॉक लागून दामिनी गेली. दिवाळीत यांनी खाली ढोल टाकून रिमिक्स काढलं. घरी कुणाला विचारलंसुद्धा नाही.

माय, आशाबाई, मोबाइलवर ते लावायची आणि डबा हलवायची. एकदा आत शेंगदाणे होते.

“शेंगदाणे,” मोबाइलमधली दामिनी म्हणाली.

योगायोग, खुशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं गुपचूप खिळे टाकले.

“खिळे! दात पाडतं का वं माहे?”

मग मायला तेवढंच राहिलं. भाकर ताटात वाळायची, डबा मात्र रोज भरायचा. परवा तिनं तो भरलाच नाही. तसाच हलवला.

“माय,” दामिनी म्हणाली.

आशाबाई हसली. हसण्याला आवाज नव्हता. तेव्हापासून तोंडून शब्द नाही. डॉक्टरला गळ्यात काही सापडलं नाही. आणि दोघींच्या गाण्यात तेव्हापासून तिसरी बाई गाते.

“सगळं मशीन करतं, ताई.” सगळं ऐकून साहेबांनी डब्याचं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं. “काही नाही यात.”

“रिकामा वाजवू नका, साहेब.”

“काहून? भूत निघते का?” त्यांनी तिच्या बोलीची नक्कल केली, कॉम्प्युटरवर गाणं लावलं आणि झाकण लावून डबा जोरजोरात हलवला. आत काही नव्हतं, म्हणून आवाजही झाला नाही.

ढोल थांबले. मागून मायचा बारीक सूर आला. तो ओळखून खुशीचे डोळे भरले.

मग दामिनी, अगदी जवळून.

“साहेब.”

साहेबांनी हसायला तोंड उघडलं. संत्र्याचा रस हनुवटीवर आला. बाकी काही आलं नाही.

गाणं आपोआप परत सुरू झालं. दोघी बहिणी. मागे माय. तिच्याही मागे एक पुरुष खाकरून गळा साफ करत होता.

खुशीनं डबा त्यांच्यापुढे सरकवला.

“माह्या मायचा आवाज कुठं ठेवला? बोला ना आता, साहेब. उत्तर द्या.”