टोळीचं तेल आणि मुखरूची बुरशी

पहिल्याच भेटीत पोरीच्या हातात बुरशी देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

मूल गावात आमची तेलघाणी; मोहाच्या बियांचं, म्हणजे टोळीचं, तेल काढायचो. छप्पन साली भांदकचा मुखरू दारात आला. नागपुरात सायन्स शिकलेला, डोळे हसरे — आणि हातात पांढरी लव धरलेली बाटली. ती त्याने सरळ माझ्या हातात दिली.

"मोहाच्या टोळीचं तेल पायजे. हे बुरशी तेल खाते. वाढली का वाळवाची, कोंबड्याईले घालाची. डाळीवानी ताकद असते तिच्यात."

"अन् माणसं काय खातीन?"

"कोंबड्या," तो म्हणाला आणि हसला. मी वेडी, माप सोडून तेल ओतलं.

त्याने आमचीच मागची खोली भाड्याने घेतली. दोन महिने रोज तेच! तेल पाण्यावर तरंगायचं, बुरशी खाली उपाशी. "काऊन नाई वाढून राह्यली?" असं तो मला विचारायचा, बघायचा मात्र बाटलीकडे. जीव नुसता वैतागायचा.

खरं तर मला ठाऊक होतं. बैलाला तेल पाजताना आम्ही ते धावड्याच्या डिंकाच्या पाण्यात घोटतो. दुधासारखं एकजीव होतं. पण सांगितलं तर बुरशी वाढेल, काम संपेल... आणि हा नागपूरला जाईल. म्हणून मी गप्प राहिले, आणि स्वतःवरच चिडत राहिले.

मग नागपूरहून त्याच्या साहेबांचं पत्र आलं. पंधरा दिवसांत जमलं नाही तर काम बंद. त्याचा उतरलेला चेहरा मला बघवेना.

"डिंक घोटा न त्यात," मी शेवटी खेकसले.

पाचव्या दिवशी बाटल्या बुरशीने गच्च भरल्या. मी घाणीपाशी जाऊन बसले. तो मागोमाग आला.

"भागीरथा, हे तुले कवापासून मालूम होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी जासान म्हणून."

तो माझ्या शेजारी टेकला. मग हळूच म्हणाला, "मी साहेबाले लिहिलं, काम इथीच करतो. मोह इथी, धावडा इथी... अन् भागीरथा इथी."

"माझं नाव लिहिलं? साहेबाले?"

"लिहिलं."

कपाळाला हात लावला मी. दोन महिने माझ्याशी मनातलं अवाक्षर नाही, आणि नागपूरच्या साहेबाला आधी खबर!

"साहेबाले सांगून झालं," मी म्हटलं, "आता मले विचारा."

त्याने विचारलं. मी चिडलेलीच होते... तरी हो म्हटलं.