वाचून टाकलेला श्वास

झोपलेल्या माणसाच्या श्वासावर लक्ष ठेवणारी यंत्रं आम्ही वर्तकनगरला बनवतो. त्यातलं एक कोपरला घरी, माझ्या आईच्या उशाशी आहे. तीन दिवस ते उगीच बोंबलत होतं, श्वास नाही म्हणून. आम्ही धावत जावं तर आई आपली मजेत. शेवटी आज त्याचा बोर्ड काढून ऑफिसात आणला.

गाढवपणा माझाच निघाला. श्वास आला की चिपच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे तिच्या नोंदीच्या कप्प्यात, 'एक' येतो, आणि कुणी तो वाचला की चिप लगेच पुसते. मी ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारा कोड, तपासताना ते रजिस्टर वाचून स्क्रीनवर छापणारी ओळ घातलेली, ती काढायची राहिली. मग श्वास माझी ओळच वाचून टाकायची आणि खऱ्या कोडला मिळायचं शून्य. एवढ्या वर्षांची नोकरी आणि ही अक्कल! ओळ उडवली, कोड जमा केला.

तरी बोर्डावरचा हिरवा दिवा लागत होता. तो श्वास आला की लागतो. नळी आणि सेन्सर तर घरीच होते. पिना पुसल्या, वायरी हलवून पाहिल्या. दिवा आपला लागतोय, विझतोय. मिनिटाला चौदा.

घरी फोन लावला. बायकोने, शीलाने उचलला.

"आईने श्वास घेतला की 'हं' म्हण."

"अहो, बऱ्या आहेत त्या. आत्ताच डोळा लागलाय."

"म्हण गं!"

"काय मेलं एकेक... हं."

दिवा लागला.

"हं."

पुन्हा लागला.

पण खात्री केल्याशिवाय राहवेना. एकदाच, हाताने, रजिस्टर वाचलं. दिवा विझला. फोनवर पुढचा 'हं' आला नाही.

"शीला?"

"अहो, आई मध्येच थांबल्या... नाही, घेतला. घेतला हो!"

म्हणजे यंत्र उगीच बोंबलत नव्हतं. मी कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"सर, तुमचा कोड आला," पलीकडच्या टेबलावरून टेस्टिंगचा महेंद्र म्हणाला. "बोर्ड जोडलेलाच दिसला, टेस्ट लावून टाकली. दहा हजार वेळा रजिस्टर वाचेल."

"बंद कर ती!"

"करतो सर, पण... ऐकत नाहीये."

मी बोर्डाची वायर धरली. खेचणार होतो. बोर्डच बंद पडला तर?

स्क्रीनवर शून्यं सरकू लागली.

शीला फोनवरच होती. ती आता 'हं' म्हणत नव्हती. आईला हाका मारत होती.