नवरदेवाचा चाकू

शेजारचा धारवाला जेवायला गेला होता, म्हणून तो अनोळखी पोरगा माझ्या पायरीवर आला. नाहीतर कशाला येतोय! नागपूरच्या इतवारीत आमचं पितळेला रंग चढवायचं छोटं दुकान आहे. समया, मूर्ती, दाराच्या कड्या, असलं काम. बाबांची नजर अधू झाल्यापासून रंग मीच लावते, आणि गिऱ्हाइकांशी भांडतेही मीच.

त्यानं वर्तमानपत्राची पुडी उलगडली. आत वीतभर चाकू. मूठ काळ्या लाकडाची, पात्याजवळ पितळेची कडी, बुडाला पितळेची टोपी, मध्ये तीन पितळी खिळे, सगळं लखलखीत पिवळं. पुडीला मिरचीचा असा खकाणा होता की मी सलग चारदा शिंकले.

"भिवापूरचा आहे ना मी," तो ओशाळून म्हणाला. "मिरचीचाच धंदा आहे आमचा. अंकित."

"मी नाव नव्हतं विचारलं."

"मग एवढं सांगा, हे पितळ काळं करून देते का इथं कोणी?"

"मी देते. पण इतकं छान पिवळं काहून काळं करून राहिले?"

तो हसला. डाव्या गालाला खळी पडली. मला ती तेव्हाच दिसली, खोटं कशाला बोलू?

"हा नवरदेवाचा चाकू," तो म्हणाला. "हळद लागली की टोकाले लिंबू खोचून हाच हातात देतात. पण आमच्या घरी आणखी एक भानगड आहे. सोयरिकीची बोलणी असली की आई हा देव्हाऱ्यात ठेवते. पितळ पिवळं राहिलं तर सोयरीक पक्की, काळं पडलं तर मोडली. रविवारी कन्हानचे पाहुणे येऊन राहिले. मी त्या पोरीले ओळखत नाही, ती मले ओळखत नाही. अन् आईपुढं तोंड उघडायची माझी हिंमत नाही... म्हटलं, चाकूच बोलू दे."

"वा रे मर्दा," मी म्हणाले. "ठेवा इथं. उद्या या."

पात्याला टेप गुंडाळला, लाकडाला मेण लावलं, पितळ घासून तेलकटपणा काढला आणि कापसाच्या बोळ्यानं काळं करायचं पाणी फिरवलं. संध्याकाळपर्यंत कडी, टोपी, खिळे तव्यासारखे काळे. सकाळी दुकान उघडलं, तर सगळं पिवळं.

"कामात कच्च्या दिसता तुम्ही," अंकित म्हणाला.

"जीभ सांभाळा. पुन्हा करते."

या वेळी काळ्यावर लाखेचा हात दिला, चाकू लोखंडी कपाटात कुलपात ठेवला, किल्ली गळ्यात. सकाळी पुन्हा पिवळा. खालचा कापूसही पिवळा होता, दमट. बाबांनी तो चाचपला, नाकाशी धरला आणि सावकाश खाली ठेवला.

"हळद आहे, अस्मिता. ओली हळद."

दुकानात हळदीचा कणही नव्हता. अंकित आल्यावर मी कापूस त्याच्यापुढं ठेवला. त्याच्या गालाची खळी गेली.

"माझे पणजोबा, बळीराम," तो हळूच म्हणाला. "त्यांची पहिली नवरी हळदीच्या अंगानंच वारली. लग्नाच्या सकाळी. हा चाकू तेव्हा त्यांच्या हातात होता. तिचं नाव आता कोणाले माहीत नाही. लग्नच लागलं नव्हतं, मग घरची म्हणून धरलीच नाही तिले कोणी."

माझ्या अंगावर काटा आला. तरी त्याला म्हटलं, "उद्या शनिवारी भर दुपारी करू. दोघं समोर बसून."

एव्हाना आमचे सहा चहा झाले होते. चाकूवर तोडगा काढायला रोज यायची काही गरज नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

शनिवारी मी तिसऱ्यांदा पितळ काळं केलं. आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. पाच मिनिटं... दहा...

"चाकूकडं बघा," मी म्हणाले. "माझ्याकडं काय बघून राहिले?"

"तिकडं काही होऊन नाही राहिलं."

आणि तेव्हाच झालं. काळ्या टोपीवर एक ठसा उमटला, पिवळा, अंगठ्याचा. माझ्या अंगठ्याहून लहान. मग कडीवर दुसरा. कुणीतरी बाजूला बसून सावकाश, मन लावून पुसत असावं, तसं काळं निघून गेलं. आमच्यात तिसरं कुणी नव्हतं. हळदीचा वास मात्र इतका होता की घशाशी आला.

"म्हणजे उद्या पिवळाच राहणार," अंकित म्हणाला. "सोयरीक पक्की."

मी पुडी बांधून दिली. तो कोपऱ्यावर वळल्यावर मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. चार दिवसांच्या ओळखीचा माणूस, आईपुढं तोंड न उघडणारा... आणि मला तोच हवा होता.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच तो पायरीवर बसलेला.

"देव्हाऱ्यात ठेवला तोवर पिवळा होता," तो म्हणाला. "पाहुणे ओसरीवर चढले अन् काळा पडला. आईनं हात जोडून त्यांना परत पाठवलं."

त्यानं पुडी उघडली. पितळ काळंठिक्कर. मी मूठ हातात घेतली, आणि माझ्या बोटांखालून पिवळं पसरत गेलं... कडी, खिळे, टोपी. अंकित बघतच राहिला.

"इथं तो तुझ्याच हातात होता," तो म्हणाला. "म्हणून काळा राहत नव्हता. म्हणजे..."

"म्हणजे काही नाही." मी चाकू खाली ठेवला. "चाकूनं पसंत केलेली नवरी नाही व्हायचं मला. त्या पहिल्या नवरीलाही कोणी विचारलं नसेल तेव्हा. तुला काय पाहिजे ते तुझ्या तोंडानं सांग. आधी तुझ्या आईला."

त्यानं चाकू पुडीत गुंडाळला. मला वाटलं, उठून जाईल. मग त्यानं फोन काढला.

"आई... मी पोरगी पाहिली आहे. नागपूरची. नाही, चाकूले नको विचारू. मले विचार." पलीकडून त्याची आई बरंच काही बोलली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "हो. बोलून घे. पण मी हेच म्हणणार आहे."

फोन ठेवून तो माझ्याकडं वळला. "अस्मिता, मले तू पाहिजे. तुले मी पाहिजे का?"

"पाहिजे," मी म्हणाले.

त्यानं माझा हात धरला. आणि आमच्या हातांवर आणखी एक हात टेकला, लहानसा, गार, हळदीनं ओला. अंकितला तो जाणवला नव्हता. मी ओरडले नाही. हातही काढून घेतला नाही.

"बस वं बाई आता," मी हळूच म्हटलं. "झालं तुझं काम."

"कोणाशी बोलून राहिली?" अंकितनं विचारलं.

"तुझ्या घरच्यांशी," मी म्हणाले.