येतोचं बटण

अमरावतीला अंबापेठेत, एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही वऱ्हाडी शब्दांचा कोश करत होतो. तिथे चार संगणक होते. कोशाचं सॉफ्टवेअर फक्त कोपऱ्यातल्या मोठ्या संगणकात. बाकीचे तीन वायरीने त्याला जोडलेले. कोश एकच, पण चौघांना एकाच वेळी त्यात लिहिता येई. पडद्याच्या उजव्या कडेला नावं दिसत: कोण आत, कोण बाहेर. काम संपलं की खालचं बटण दाबून बाहेर पडायचं. मला याहून जास्त कळत नसे. मी एका बोटाने टाइप करायचो आणि प्रत्येक शब्दानंतर घसा खाकरायचो. यावरून माझी थट्टा होई आणि ती रास्तच होती.

बटणावर काय लिहायचं ते आपल्याला ठरवता येत होतं. आमची ऑपरेटर, वलगावची माया, हिने तिथे ‘जातो’ असं लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी कुंदाताईंनी हात मागे घेतला. त्या निवृत्त शिक्षिका.

"अगं माया, निघताना ‘जातो’ म्हणतं का कोणी? मी नाही दाबणार."

"मग काय लिहू?"

‘येतो’ लिही, असं मी सुचवलं. सहसा माझं कोणी ऐकत नाही. त्या दिवशी ऐकलं.

"मी बाईमाणूस. येतो कशी म्हणू?" ताई हसल्या.

"आमच्याकडच्या बायाही येतोच म्हणतात जी," चंद्रभानजी म्हणाले. ते तेल्हाऱ्याचे, निवृत्त मुख्याध्यापक. "तुमाले पुण्याची हवा लागली."

दोन वर्षं आम्ही ते बटण दाबलं.

फाल्गुनात एका शनिवारी कुंदाताईंनी ‘येतो’ दाबलं आणि रविवारी पहाटे त्या झोपेतच गेल्या. सोमवारी साडेदहाला यादीत त्यांचं नाव ‘आत’ दिसलं. मायाने ते काढून टाकलं. मंगळवारी साडेदहाला पुन्हा आलं.

"जुनं काही अडकलं असन," ती म्हणाली.

मलाही ते पटलं. पण त्याच आठवड्यात ‘वाट’ या शब्दाखाली एक उदाहरण वाढलं: ‘वाट पाहण्याला अन्त नाही.’ अनुस्वाराऐवजी अर्धा ‘न’ लिहिण्याची सवय आमच्यात फक्त ताईंना होती.

उन्हाळ्यात चंद्रभानजी कायमचे तेल्हाऱ्याला मुलाकडे राहायला गेले. निघताना त्यांनी बटण दाबलं, आम्हाला पेढे दिले. चौथ्या दिवशी साडेदहाला ते जिन्यात उभे होते. पाचव्या दिवशीही. पहाटे उठून तीन-साडेतीन तास एसटीत बसून यायचे. मुलगा येऊन घेऊन गेला, तरी सकाळी पुन्हा हजर. एकदा त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"सर, मी काहून येऊन राहिलो जी? निघतो तेव्हा मले ठाऊकच नसते. एसटीत बसल्यावर समजते."

शब्द मीच सुचवला होता, एवढंच मनात आलं.

आता माझी निघायची वेळ आली होती. अकोल्याला माझ्या मुलीने, अबोलीने, माझ्यासाठी तळमजल्याची खोली लावून ठेवली होती. पुस्तकांसाठी भिंतीत फळ्या मारून घेतल्या होत्या. बायको गेल्यापासून सहा वर्षं ती बोलावत होती आणि सहा वर्षं मी आपली अडचण नको म्हणून टाळत होतो. या खेपेला हो म्हटलं. उरलेले दिवस मला त्या खोलीत हवे होते, बाकी काही नको होतं.

शेवटच्या दुपारी मी मायाला जुना शब्दही परत लिहायला सांगितला. तिने दोन्ही बटणं शेजारी शेजारी ठेवली. ‘येतो’. ‘जातो’.

"दाबा कोणतंही, सर. शब्दच तर आहे."

मी आयुष्यभर शब्दच शिकवले. बोट ‘जातो’वर नेलं आणि उचललं. ‘येतो’वर नेलं. उघड्या दारातून जिन्यात बसलेले चंद्रभानजी दिसत होते, मांडीवर डबा घेऊन. चारची गाडी होती. मी काहीच दाबलं नाही. ‘येतो’ याच शब्दाची अर्धी लिहिलेली नोंद तशीच उघडी ठेवून उठलो.

"सर, तुमी आतच राहिले," माया मागून म्हणाली.

अकोल्यात आठ दिवस चांगले गेले. नवव्या दिवशी सकाळी साडेदहाला मायाचा फोन आला.

"सर, तुमच्या नावाने नोंदी होऊन राहिल्या. रोज साडेदहापासून."

"चुका आहेत का?"

"नाही. चांगल्या आहेत."

माझ्यापेक्षा चांगल्या, असं ती म्हणाली नाही.

"मी तुमाले बाहेर काढतो. फक्त सांगा. येतो दाबू का जातो?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सर?"

तिच्या मागे कीबोर्डच्या कळा वाजत होत्या. एक कळ. थांबणं. एक कळ. मग कोणीतरी घसा खाकरला.

"माया, तिथं कोण आहे?"

"कोणी नाही. चंद्रभान सर अजून यायचे आहेत. थांबा, तुमची ती अर्धी नोंद पूर्ण झाली." ती वाचू लागली. "‘येतो. निघताना म्हणायचा शब्द. उदाहरण: अबोली, येतो मी.’"

मी तोंड उघडलं नव्हतं.

"लवकर या, बाबा," स्वयंपाकघरातून अबोली म्हणाली.

मी खाली पाहिलं. पायांत बाहेरच्या चपला होत्या.