सळईला अडकलं की थांबणारं मशीन

तो दुकानात आला तेव्हा मी शिडीवर चढून वरच्या फळीवरची खोकी पुसत होते. खाली उभा राहून म्हणाला, "मॅडम, आधी खाली या… मग बोलतो."

"ऐकू येतंय मला."

"येत असेल. मला उंचावरच्या माणसाशी बोलवत नाही."

गंमत करतोय असं वाटलं. उतरले, तर चेहरा पांढराफटक. शर्टावर सिमेंटचे डाग, दाढी वाढलेली. डोळे मात्र असे, की एरवी मी उगाच चार मशिनं जास्त दाखवली असती.

"काँक्रीटला होल मारायचं मशीन हवंय," तो म्हणाला. "दणकट. पण सळईला अडकलं तर थांबणारं."

मी दोन काढली. "हे सात किलोचं, जमिनीवरच्या कामाला. डोक्यावर स्लॅबला मारायचं असेल तर हे, चार किलोचं. ताकद कमी, पण हात शाबूत राहतात. दोन्हींत क्लच आहे. पुढचं फिरणारं बिट अडकलं तर मशीन माणसाला फिरवत नाही."

"नक्की?"

"मागे ठोकळा आहे, सळया घातलेला. मारून बघा."

मागच्या अंगणात त्याने चार किलोचं उचललं. बाजूची मूठ पिळली, पुन्हा पिळली, तिसऱ्यांदा पिळली. बोट खटक्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. कपाळावर घाम.

"तुम्ही… धराल जरा?"

मी मूठ धरली. त्याच्या हाताला माझा हात टेकला. खटका दाबला गेला, धूळ उडाली, बिट आत शिरलं, सळईला लागलं. कट-कट-कट… मशीन आमच्या हातांत नुसतंच कुरकुरलं. फिरलं नाही. त्याने खटका सोडला. हात मात्र दोघांनीही सोडले नाहीत.

मग तो ठोकळ्यावर बसला आणि बोलला.

सतरा दिवसांपूर्वी त्याचा दादा तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडून गेला होता. जुनं मशीन, क्लच नसलेलं. "बाजूची मूठ मीच काढली होती. कोपऱ्यात बसत नव्हती. दादा म्हणाला, एकच होल आहे, असू दे. सळईला लागलं आणि मशीन फिरलं… दादाही. घरी सगळे मशीनला दोष देतात. वहिनीपण."

तुमची चूक नाही, असं मला म्हणता आलं नाही. ते खरं नव्हतं. मी पाणी आणून दिलं.

"वहिनीला सांगा," मी म्हणाले. "मला सांगितलंत तसंच."

तो चार किलोचं घेऊन गेला. आठवड्याने परत आला.

"सांगितलं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढलं आणि म्हणाली, मूठ लावल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही."

आणि भर दुकानात तो रडला. मी काउंटर पुसत राहिले, पुसायला काही नसताना.

त्यानंतर तो बिटं घ्यायला येऊ लागला. आठवड्यातून दोनदा.

"इतकी बिटं खाता की काय?"

"मोडतात."

"मोडलेली दाखवा बरं."

पहिल्यांदाच हसला. "पुढच्या वेळी मोडून आणतो."

एका दुपारी काहीच न घेता उभा राहिला. "तुला… तुम्हाला एक विचारायचं होतं."

"तू चालेल."

"माझ्याबरोबर… म्हणजे कायमचं…"

हो म्हणायचंच होतं. तरी मी म्हणाले, "आधी घरी चल. बाबांना भेट. मग वाटलं तर पुन्हा विचार."

बाबांनी तीस वर्षं स्लॅब फोडले, भोकं पाडली. आता त्यांची बोटं पांढरी, गार आणि बधिर. त्यांनी त्याला समोर बसवलं.

"कुठलं मशीन चालवतोस? किती तास?"

त्याने सांगितलं.

"माझ्या शर्टाची बटणं ही लावते," बाबा म्हणाले. "मशीनच्या हादऱ्यांनी हात असे होतात. उद्या तुझीही हिलाच लावावी लागतील. म्हणून तुला आणलंय इथे, चहाला नाही."

त्याने त्यांच्या बोटांकडे बघितलं. मला वाटलं, आता उठेल.

"काम सोडतो असं नाही म्हणणार," तो हळूच म्हणाला. "दुसरं येत नाही, आणि घरी वहिनी आहे, तिच्या दोन मुली आहेत. हादरे कमी देणारं मशीन वापरेन, मध्ये थांबेन. तरी हात जाणारच नाहीत, असं वचन देता येत नाही. खोटं एकदा घरात ठेवून बघितलंय. पुन्हा नको."

बाबांनी हात पुढे केला. त्याचा तळवा आपल्या दोन्ही हातांत घेऊन चाचपला, बोटं एकेक करून दाबली. मग माझ्याकडे बघितलं.

"मला कळत नाही गं आता. तूच बघ… गरम आहे का?"

मी त्याचा हात घेतला. खरखरीत, घट्टे पडलेला.

"गरम आहे," मी म्हणाले.

बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मी हात सोडला नाही.