न केलेले उपकार

मी वॉशिंग मशीन दुरुस्त करते. दिवसभर लोकांच्या बाथरूममध्ये पालथं पडून त्यांच्या मोज्यांनी तुंबलेले पंप उपसायचे, आणि वर "मुलगी पाठवलीये? हिला जमेल का?" हे ऐकून घ्यायचं. त्यामुळे माझ्या डोक्यात भुताखेतांना जागा नाही. आवाज आला तर बेअरिंग गेलंय, वास आला तर बेल्ट जळालाय. बस.

बाईंच्या घरी मी राहायला गेले ती त्यांच्या लेकीमुळे. बाई म्हणजे शाळेतल्या निवृत्त पी.टी.च्या बाई, पंचाहत्तरी उलटलेल्या, दुसऱ्या मजल्यावर एकट्या. लेक दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर. तिचं म्हणणं सरळ होतं. मागची खोली फुकट वापर, बदल्यात आईवर लक्ष ठेव. "ती विसरायला लागली की मला लगेच कळव. वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीये. मग घराला कुलूप."

म्हणजे मी भाडेकरू नव्हतेच, बूट घालून हिंडणारा कॅमेरा होते. आईवर कॅमेरा लावणाऱ्या लेकरांना लोक जबाबदार म्हणतात. माझ्याकडे त्यांच्यासाठी दुसरा शब्द आहे, पण तो छापणार नाहीत. तरी मी गेले, कारण मला छप्पर हवं होतं. बाईंची आठवण शाबूत, तोवर दोघींचं घर शाबूत.

बाईंना मी पहिल्याच दिवशी नकोशी झाले.

"काय गं, तू चालतेस की फरफटतेस? खांदे मागे घे!"

"बाई, मी कामावरून आलेय."

"मग? कामावर काय कुबड वाटतात?"

माझ्या कमरेला लटकलेली हत्यारं बघून त्यांनी माझं नाव पक्कड ठेवलं. मी सुट्टीच्या दिवशी लोळत पडले की दाराशी येऊन शिट्टी फुंकायच्या. त्यांचा टीव्ही बंद पडला तेव्हा मी तो मुद्दाम तसाच राहू दिला. असं आमचं गोड चाललं होतं.

मग माझ्या बुटाचा तळ सुटला. दारात बूट काढताना मी वैतागून म्हटलं, "आता हा कोण चिकटवणार, माझा आजा?" सकाळी तळ चिकटलेला. नुसता चिकटलेला नाही, कडेनं बारीक टाके घातलेले. म्हातारी खडूस आहे पण मनानं बरी दिसते, असं वाटून मी मुकाट टीव्ही दुरुस्त करून टाकला.

इकडे बाईही विरघळत होत्या. त्या गुडघ्याला शिव्या घालत पडल्या की उशाशी गरम पाण्याची पिशवी यायची. त्यांना वाटलं, मी भरून ठेवते. मग त्या मला पाठीचे व्यायाम शिकवू लागल्या, मी त्यांना मोटर खोलायला शिकवलं. चहा एकत्र व्हायला लागला. मशीनमध्ये गुंतलेल्या वस्तूंचे किस्से मी सांगितले की बाई इतक्या हसायच्या की कवळी हातात घेऊन हसायच्या. माझी आई माझ्याशी असं कधी बोलली नाही. जाऊ दे.

एका दुपारी मी सहज म्हटलं, "बाई, जॅकेटची चेन बदललीत, थँक्यू हं. आणि त्या बुटाचंही राहिलंच होतं."

बाईंचा चेहरा उतरला. "हो, हो," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी मागे गेले तर पलंगावर बसून बोटांवर जुन्या वर्गाची हजेरी म्हणत होत्या.

"पक्कड, लेकीला कळवू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "मी तुझे बूट शिवले, मला आठवत नाही. चेनही आठवत नाही. माझं डोकं हातचं चाललंय गं."

मी त्यांच्या शेजारी बसले. "बाई, तुमची ती गरम पिशवी..."

"तू भरतेस ना?"

"मी एकदाही भरली नाही."

स्वयंपाकघरात नळ गळत होता. मग बाई टुणकन उठल्या.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे!"

"बाई, घरात तिसरं कोणीतरी आहे."

"असू दे की! खायला मागतंय का? माझं डोकं ठिकाणावर आहे!" आणि त्यांनी मला धरून चक्क गिरकी घेतली.

मला पुरावा हवा होता. आम्ही हात हातात घेऊन समोरासमोर बसलो आणि बाई मोठ्यानं म्हणाल्या, "हा नळ फार गळतो बुवा." थोड्या वेळानं टपटप थांबली. मी जाऊन पाहिलं. वॉशर नवा. माझ्या पिशवीतला नव्हता. परत आले तर आमच्याजवळची रिकामी खुर्ची हाताला उबदार लागली. ऊन असेल, असं मी म्हटलं. ऊन त्या खोलीत येतच नव्हतं.

पण सवय कशाचीही होते. फुकटच्या कामाची तर फारच लवकर. आम्ही निर्लज्जपणे कुरकुर करू लागलो. बिजागरी, बल्ब, बाईंच्या चष्म्याची काडी. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ रोज सकाळी गळा काढून गायचे. बाई छताकडे बघून ओरडल्या, "याचा आवाज एकदाचा जाऊ दे!" दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ जिन्यात भेटले. खुणांनी बोलत होते. डॉक्टरला घशात काही सापडलं नव्हतं म्हणे. घसा बसला असेल, असं म्हणत आम्ही हसलो. पण एकमेकींकडे बघितलं नाही.

त्यानंतर लेकीचा फोन आला. रविवारी येते, आईची परीक्षा घेते, जागा फार दिवस अडवून ठेवता येत नाही. बाईंनी फोन सोफ्यावर आपटला.

"आपल्याला आई आहे हेच ही बया विसरली, तर सुटेन मी!"

मी खो खो हसले. हसले मी.

रविवारी लेक आली. पर्स मांडीवर, मोबाइलमध्ये प्रश्न तयार.

"आई, आज वार कोणता?"

"रविवार. एरवी तू कधी उगवतेस?"

"मी कुठल्या शाळेत होते?"

"माझ्याच. लांब उडीला रडायचीस."

"माझा वाढदिवस?"

बाईंनी सांगितला. वर, त्या दिवशी डॉक्टर उशिरा आला, हेही सांगितलं. मी मागे उभी राहून मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते.

लेकीच्या मोबाइलची स्क्रीन विझली. तिनं ती पुन्हा लावली नाही. नव्या मशीनचं झाकण कुठून उघडतं ते मी जशी शोधते, तशी ती बाईंचा चेहरा बघत होती.

"तुम्हाला मुलं किती, काकू?"

मला वाटलं, हा पुढचा प्रश्न. बाईंनाही तेच वाटलं.

"एकच लेक. नाटकी."

"अरे वा. कुठे असते?"

बाईंच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, बंद करायचं राहून गेल्यासारखं.

लेकीनं पाणी मागितलं. प्यायली. उठली.

"चला, निघते. कुणाकडे आले होते तेच लक्षात येईना. हल्ली काम फार झालंय."

जिन्यात वळून म्हणाली, "काकू, आत जा. वारं आहे."

बाई खोलीच्या मधोमध उभ्या राहून ओरडल्या, "तिला आठवू दे!" मग विनवलं. मग शिव्या दिल्या. मीही ओरडले. काही झालं नाही. फोन लावला तर लेक अगदी सभ्यपणे "राँग नंबर" म्हणाली.

संध्याकाळी बाई भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "आता मला तरी कशाला जिवंत—"

मी झडप घालून त्यांचं तोंड दाबलं. त्या मला चावल्या. मी हात काढला नाही.

तेव्हापासून आम्ही घरात बोलत नाही. बोलायचं असलं की खाली रस्त्यावर जातो, कोपऱ्यावरच्या बाकावर बसतो, पोटभर भांडतो, हसतो आणि तोंडं मिटून वर येतो.

काल दुपारी बाईंचा सोफ्यावर डोळा लागला. मी समोर बसून मोटर पुसत होते. झोपेत त्यांचे ओठ हलायला लागले. मी उठून जवळ गेले, वाकून कान लावला.

वाक्याची सुरुवात माझ्या नावानं झाली होती.