उसवलेला पट्टा

फॅक्टरीतून घरी जाताना आखाडा बाळापूरच्या थांब्यावर शितलसमोरच त्या माणसाच्या बॅगेचा पट्टा तुटला. डबा, टॉवेल, चार्जर… सगळं तिच्या पायाशी. हवेत उकडलेल्या हळदीचा वास होता, कळमनुरीची बस समोरून वळत होती, आणि तो एका हातानं बॅग नि दुसऱ्यानं डबा धरायला धडपडत होता.

"द्या इकडं," ती म्हणाली.

तिच्या पर्समध्ये सुई-दोरा नेहमीच असायचा. बस थांब्याला लागेपर्यंत पट्टा जोडून, दोरा दातानं तोडून तिनं बॅग परतही केली.

तो बघतच राहिला. "हात आहेत का मशीन?"

"बस जाईल तुमची," ती म्हणाली. पण हसू काही लपलं नाही — आणि त्याचाच तिला दुसऱ्या दिवशी पस्तावा झाला.

कारण सकाळी तोच माणूस गळ्यात घड्याळ अडकवून तिच्या लाईनीत उभा होता. नाव अनिरुद्ध, नरसीकडचा.

गावाबाहेरच्या त्या शेडमध्ये परदेशातल्या लेकरांचे फ्रॉक शिवले जात. एका फ्रॉकला किती मिनिटं लागतात, हे मोजायला फ्रॉक विकत घेणाऱ्या बाहेरच्या कंपनीनं त्याला पाठवलं होतं. मिनिटं कमी निघाली की फ्रॉकचा भाव कमी आणि बायांचं टार्गेट जास्त. टार्गेट अपुरं राहिलं तर घंटा झाल्यावरही फुकट बसायचं. म्हणून बायांनी आधीच ठरवलं होतं, घड्याळवाला मागं आला की हात संथ चालवायचे. शितलला तर उशीर परवडणाराच नव्हता. फारकत झाल्यापासून तिची चार वर्षांची संपी दिवसभर शेजारच्या पारुबाईकडं असायची, आणि अंधार पडला की दारात उभी राहून रडायची.

आणि या माणसानं तिचा खरा हात पाहिला होता.

तो मागं येऊन थांबला. शितलनं कॉलर लावायला घेतली. कापड दोनदा सपाट केलं, धागा उगाच ओढून पाहिला, कपाळ पुसलं.

"कापड लई नाजूक दिसतंय," तो हळूच म्हणाला.

"व्हय साहेब. जपून शिवावं लागतं."

"बॅगेचं जाड होतं. म्हणून भरभर झालं असंल."

तिचे कान तापले. तिनं मान वर केली नाही. तो काहीतरी लिहून पुढं गेला. सगळ्यांदेखत बोलला का नाही? गोड बोलून हिशेब मागाहून मांडणारा माणूस तिनं घरातच पाहिला होता. तसलाच हा.

डबा खाताना शेजारच्या मशीनवरची सखुबाई तिला कोपरानं ढोसत म्हणाली, "पोरी, तो माठापाशी उभा राहून तुझ्याकडंच बघून राहिला."

"माझ्या हाताकडं बघतोय. मॅनेजरचा माणूस आहे तो."

"असंल बाई. पण हात काय तोंडावर असतेत का?"

सगळ्या हसल्या. शितल हसली नाही. तो खरंच दिवसचे दिवस माठापाशी उभा असायचा. कोण पाणी प्यायला उठलं, कोणी पाठ सरळ केली, सगळं टिपायचा. आता पाणीही तोडणार, अशी तिची खात्री झाली. तिनं उठणंच सोडलं. घसा कोरडा पडायचा, डोकं गरगरायचं.

शेवटी एका संध्याकाळी तिनं त्याला गेटवर गाठलं.

"सगळ्याइला ताई म्हणता. मला काहून न्हाई?"

तो गडबडला. "म्हणू का?"

"…नका." हे उत्तर तिचं तिलाच नवं होतं. तिनं घाईनं पुढचं विचारलं, "थांब्यावरचा माझा हात तुमी लिहिला का?"

"न्हाई."

"काहून? आधी उपकार करायचे, मग वसूल करायचे?"

त्याचं हसू मावळलं. "तुमचा संथ हातबी न्हाई लिहिला. एक घाईचा टाका, एक भ्यालेला. त्या दोन्हीवर टार्गेट कसं लावू? माणूस दिवसभर बसून शिवतो, तवा पाणी पितो, कंबर सरळ करतो, सुई बदलतो. आधीच्या साहेबानं ते धरलंच न्हाई. मी धरून राहिलो."

"बोलायला काय जातं?"

"बराबर. टार्गेटच्या फळ्यावर येईल तवाच खरं माना."

तिनं मानलं नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याला मात्र उठली. तो माठापाशीच होता. त्यानं नुसता ग्लास पुढं केला.

सोमवारी मॅनेजर देविदासनं तोंड वाकडं करून फळा पुसला आणि नवा आकडा लिहिला. बाहेरच्या कंपनीनं अनिरुद्धची मिनिटं मान्य केली होती. टार्गेट उतरलं होतं. सखुबाईनं शेजारणीकडून आकडा दोनदा वाचून घेतला.

संध्याकाळी घंटा झाली आणि लाईनीतल्या सगळ्याच मशीन एकदम थांबल्या. बाहेर अजून ऊन होतं. शितल थांब्याकडं आली ती मनात ठरवूनच, की याचं काम झालं, आता हा न सांगता जाणार.

तो थांब्यावर बसला होता. मांडीवर बॅग, पट्टा लोंबत.

"तुटला," तो म्हणाला.

तिनं बॅग घेतली. दोऱ्याचं टोक उन्हाकडं धरलं. टाके ब्लेडनं एकेक करून कापलेले होते.

"माझा टाका असा तुटत न्हाई. हा कुणीतरी उसवला."

तो जमिनीकडं बघू लागला. "कुणी उसवला असंल…?"

"ते तुमालाच ठाऊक." तिनं पर्समधून सुई-दोरा काढला. "मला लेकरू आहे."

"संपी. शेंगदाण्याची चिक्की आवडते. सखुबाईला विचारलं."

"माझ्या मागं चौकशी करता?"

"तुमच्या समोर करायला… भ्यालो."

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं, उसवलेल्या टाक्याकडं पाहिलं होतं तसंच, निरखून. कळमनुरीची बस वळून थांब्याला लागली. शितलनं सुईत दोरा ओवला. पट्टा सपाट केला. पुन्हा सपाट केला. धागा ओढून पाहिला, कपाळ पुसलं.

बस निघून गेली.

"बस गेली," तो म्हणाला.

अंधार पडायला अजून अवकाश होता.

"कापड लई नाजूक आहे साहेब," मान वर न करता ती म्हणाली. "जपून शिवावं लागतं."